शब्दचर्चा: सीलच्या 'हॉल-आउट'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न: इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलमध्ये गॉड्रेव्हीजवळच्या मटन कोव्ह या किनाऱ्यावर करडे सील (ग्रे सील) पाण्यातून वर येऊन पडतात. या 'हॉल-आउट'ला 'विश्रांती' म्हटले तर चालेल का?

खडपकर: अपुरे पडेल. पचन, ऊब, कात टाकावी तशी जुनी लव झाडणे, पिल्लांना पाजणे, हे सगळे तिथेच चालते. क्रियापद हवे तर 'कातळावर येणे', नाम हवे तर 'ठिय्या'. 'ओहोटीला ठिय्या पडतो, भरतीला मोडतो' हे वाचताना अडखळत नाही.

उधाण: ठिय्या म्हटले की मला तहसील कचेरीसमोरचे आंदोलन दिसते! पण 'बैठक'पेक्षा बरा. वेळेचे मात्र स्पष्ट लिहा: उघड्या खडकांवर ओहोटीच्या तळाच्या आधीचे आणि नंतरचे दोन तास चांगले. भांगाच्या दिवसांत (भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा) पाणी फार उतरत नाही, सखल खडक बुडालेलेच राहतात.

खडपकर: 'डिस्टर्ब होणे'ही नको, आपल्याकडे 'बुजणे' आहे. आधी माना वर होतात आणि नजरा तुमच्याकडे वळतात; तिथेच थांबा, वाकून हळूहळू मागे सरका. पुढे ते पाण्याकडे सरपटू लागतात आणि मग सगळे एकदम धावत सुटतात. त्या धांदलीत धारदार खडकांवर पोट फाटते, आई-पिल्लाची ताटातूट होते. म्हणून कड्यावरूनच, क्षितिजावर आपली आकृती उठून दिसणार नाही असे बसून, कुजबुजत पाहावे. शंभर मीटर अंतर आणि ८×४२ची (आठपट मोठे दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण पुरते.

लाटकरी: एकट्या पिल्लाला 'टाकून दिलेले' लिहू नका. आई जवळच पाण्यात असू शकते. करडी मादी जेमतेम तीन आठवडे पाजते. तेवढ्यात जन्मताना सुमारे १४ किलोचे असलेले पिल्लू चाळीस किलो ओलांडते, मग ती निघून जाते. पांढऱ्या लवेच्या पिल्लाला समुद्रात ढकलू तर अजिबात नये, पोहायला ते अजून तयार नसते. जखमी वाटले तर लांबूनच स्थानिक बचाव पथकाला कळवावे.

उधाण: 'सील मासा' आणि 'पाणमांजर' हे दोन्हीही खोडा. सील मासा नव्हे, सस्तन प्राणी आहे; आणि पाणमांजर म्हणजे ऊद, तो कोकणातल्या खाड्यांतही आहे. आणि कॉर्नवॉलमध्ये साधा सीलही (कॉमन सील, ही वेगळी जात) दिसतो, तेव्हा 'करडा' हे विशेषण गाळू नका. समोरून नाकपुड्या पाहा: करड्याच्या जवळजवळ समांतर, साध्याच्या खाली एकमेकींकडे झुकलेल्या.