मामूल म्हणजे लाच का?

खानापूरकर : दक्षता सप्ताहासाठी एका कन्नड पत्रकाचं मराठी करून द्यायचंय. त्यात 'लंच' आणि 'मामूलु' शेजारीशेजारी आलेत. लंच म्हणजे लाच, प्रश्नच नाही. मामूलुला 'हप्ता' लिहिलं तर मसुदा तपासणाऱ्या अण्णांनी रेघ मारली. हप्ता गुंड घेतो म्हणे, मामूल हा रिवाज. काय लिहू?

टिळकवाडी : चिरीमिरी.

जुना कारकून, चिकोडी : चिरीमिरी म्हणजे चिल्लर, एकदाची. मामूल ठरलेला असतो. अण्णांचं बरोबर आहे. मूळ अरबी, नेहमी केलं जातं ते. अंमल, अंमलदार, मामलेदार ही त्याच धातूची भावंडं. आमच्या वेळी 'मामूल दिला' म्हणताना कुणाची मान खाली जात नसे. 'लाच दिली' असं मात्र कुणाच्या तोंडून ऐकलं नाही.

शहापूरची : गोम तिथंच आहे. आमच्या घरी देवापुढचा रुपया पोरांनी उचलला तर मार बसायचा, आणि त्याच घरातले काका कचेरीत पाकीट घ्यायचे. संस्कार कमी पडले असं कसं म्हणू? ते उंबऱ्याच्या आतलेच होते. बाहेरच्यासाठी मामूल हा शब्द होताच.

निपाणीचा पाटील : संस्कार काय सांगायलाय ताई! पूर्वी पहाणीसाठी, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यासाठी, तलाठ्यामागं चपला झिजायच्या. २००१च्या सुमारास कर्नाटकात जमिनीच्या नोंदी संगणकावर आणणारं 'भूमी' आलं आणि खिडकीवर १५ रुपयांत कागद मिळायला लागला. माणसं तीच, देवघरं तीच. वाट बंद झाली, बस्स.

शहापूरची : आणि वारसाची वर्दी द्यायला गेलात तेव्हा? खिडकीमागचं टेबल कुठं हललंय? शिवाय भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही थेट गुन्हेगार. जबरदस्तीनं द्यावी लागली तर ७ दिवसांत कळवायचं. कायदा रिवाज विचारत नाही, पाटील.

निपाणीचा पाटील : कळवा की. पुढच्या कामाला परत त्याच टेबलासमोर उभं राहायचंय.

शुद्धमराठी : मुळात मामूल परका. 'उत्कोच' हा आपला शब्द असताना ही कसरत कशाला?

टिळकवाडी : उत्कोच छापा, खानापूरच्या बाजारात लोक खोकल्याचं औषध समजतील.

शुद्धमराठी : चेष्टा करा. 'लाच'सुद्धा कानडीतूनच उचललाय.

जुना कारकून, चिकोडी : उलटसुलट बोलू नका. संस्कृतात लञ्चा आहे. कानडीनं अनुनासिक राखलं, आपण 'लांच'वरचं टिंबही पुसलं.

खानापूरकर : मग मामूल तसाच ठेवू? अण्णा खूश होतील, पण पत्रक काढणारे म्हणतील रिवाजाला गुन्हा कसं म्हणायचं.

शुद्धमराठी : आधी 'पहाणी' म्हणणं सोडा, उतारा म्हणा.

निपाणीचा पाटील : अहो, पहाणी म्हणजे आपली पाहणीच! शेत पाहून लिहायचे ती. कानडीनं आपल्याकडून नेली.

जुना कारकून, चिकोडी : याला पुरावा?