पट्टा नसेल तर झाडावर चढायचं नाही: सोसायटीने असा ठराव करावा का?

ठाण्याचा सचिव

आमच्या आवारात तीन मोठी झाडं आहेत, दोन रेन ट्री आणि एक गुलमोहर. पावसाळ्याआधी फांद्या उतरवायच्यात. 1975च्या वृक्ष कायद्याप्रमाणे महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घेतली, तेवढं काम सरळ झालं. आता दोन भाव आलेत. दरवर्षी येणारे मामा 14 हजार मागतात. दोर, हेल्मेट, अंगाला बांधायचे सुरक्षा पट्टे घेऊन येणारी एक कंपनी आहे, ती 46 हजार. कमिटीत पाच विरुद्ध एक. तो एक मी.

कारण मागच्या मे महिन्यात मी खाली उभा होतो. मामा अनवाणी, कमरेला कोयता, एका फांदीवर उभे राहून शेजारची फांदी करवतीने वरून कापत होते. तिला नाडा, म्हणजे जाड दोर, बांधलेला आणि नाड्याचं दुसरं टोक आमच्या वॉचमनच्या हातात. फांदी अर्धी तुटली, साल सोलत बुंध्यापर्यंत आली आणि झोका घेऊन मामांच्या मांडीवर आदळली. ते एका हाताने लोंबकळले. वॉचमन नाड्याबरोबर चार फूट फरफटला, तळहात सोलून निघाले. मामा खाली आले, चहा प्यायले आणि परत चढले. मिटिंगमध्ये विषय काढला की सगळे विचारतात, "पण झालं का काही?"

माझं मत: पट्टा नाही तर काम नाही. चुकतंय का?

वाडीवाला

चुकतंय. मी दिवेआगरचा. 3 जून 2020ला निसर्ग वादळ आमच्याच डोक्यावर उतरलं. वाड्यांमधून आभाळ दिसायला लागलं, जे माझ्या आजोबांनीही पाहिलं नसेल. पोफळीवर पोफळ, त्यावर माड, खाली कुणाचं तरी छप्पर. ते सगळं बाजूला करून रस्ता दिला तो कोयता-कुऱ्हाडवाल्यांनी. त्यांना पट्ट्याचं प्रमाणपत्र विचारलं असतं तर आम्ही अजून आतच असतो.

आमचा सुपारी काढणारा एका पोफळीवर चढतो, शेंडा झुलवतो आणि पुढची धरतो. जमिनीला पाय न लावता कितीतरी झाडं उरकतो. त्याला दर झाडाला पट्टा बांधायला-सोडायला लावा, मग सुपारी कोण काढणार ते सांगा. अनवाणी पायाची पकड हीच त्याची सेफ्टी. शहरातल्या माणसाला उंचीवरचा माणूस दिसला की स्वतःच्याच पायाला मुंग्या येतात, आणि मग तो नियम करतो.

दोरखंड

मी इंग्लंडात केंटमध्ये नऊ वर्षं हेच काम करतो. मुलगा झाडावर चढून पोट भरतो हे आई अजून नातेवाइकांना सांगत नाही, "गार्डनमध्ये आहे" म्हणते.

वाडीवाले, उभ्या झाडापेक्षा पडलेलं झाड वाईट. मुळांचा गड्डा मातीसकट उपटून उभा राहिलेला असतो. खोड कापलं की त्याच्यावरचा भार जातो आणि गड्डा उलटून परत खड्ड्यात बसतो. आत माणूस असेल तर तो सापडत नाही. वाकून अडकलेलं खोड धनुष्यासारखं ताणलेलं असतं, ताण कुठल्या बाजूला आहे ते न बघता कापलं की ते छातीवर येतं. वादळानंतर घाई असते हे खरं, पण माणसं त्या घाईतच जातात.

सचिवसाहेब, तुमच्या मामांना पट्टा असता तरी ती फांदी मांडीवर आलीच असती. चूक कापण्यात आहे. आधी खालून थोडा काप द्यायचा, मग त्याच्या जरा पुढे वरून. फांदी साल न सोलता सुटते. उरलेलं खुंट शेवटी काढायचं, आणि फांदी जिथे फुटते तिथलं फुगीर कडं तसंच ठेवून. झाड आपली जखम तिथूनच भरतं.

मग पट्टा कशाला? करवत चालू असताना आम्ही दोन ठिकाणी बांधलेले असतो, कारण करवतीला फांदी आणि दोर यांतला फरक कळत नाही. मी एकदा स्वतःच्याच दोराला दाते लावलेत. कमरेच्या दुसऱ्या दोरात तारेचा गाभा होता, म्हणून हे लिहितोय. माणसाला पेलणारा प्रत्येक दोर, कडी, पट्टा दर सहा महिन्यांनी जाणकाराकडून तपासायचा, हा इथला 1998चा नियम. आणि खाली असा एकजण पाहिजेच जो वर येऊन मला उतरवू शकेल. पट्ट्यात निपचित लटकलेल्या माणसाच्या पायांत रक्त साठत जातं. फायर ब्रिगेडची वाट बघत बसायला वेळ नसतो. त्याला उतरवणारा कोणी नसेल तर नुसता पट्टा म्हणजे अर्धीच सोय.

कटर_पुणे

केंटवाले दादा, सगळं मान्य. आता आमचं ऐका. माझ्याकडे दोन चेनसॉ आणि चार पोरं आहेत.

चेनसॉची पँट असते, आत लांब धाग्यांचे थर. साखळी लागली की धागे ओढले जाऊन मशीन जाम होतं, पाय वाचतो. मी दोन आणल्या. मे महिन्यात दुपारी बाराला पोरं म्हणाली, "दादा, तुम्हीच घाला." घातली. अर्ध्या तासात मीच काढून ठेवली. तुमच्याकडच्या हवेत ठीक आहे.

आणि सचिव, पट्टा म्हणजे कुठला? हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो बांधकामाचा, कडी पाठीवर. त्यात पडलात तर बोचक्यासारखे लोंबकळाल, हात झाडाला पोचणार नाही. झाडावर लागतो तो बसता येणारा, कडी पुढे कमरेपाशी. तो महाग, आणि शिकवणारा गल्लीत मिळत नाही. सोसायट्यांना पट्टा फोटोत हवा असतो. मीही घालून फोटो दिलाय आणि मग तो फांदीला टांगून काम केलंय. खोटं कशाला बोलू?

14 हजारांचा भाव आमचा नाही, तुमचा आहे. वर तुम्हीच सांगता, "मुंडण करून टाका, दोन वर्षं बघायला नको." मुंडण केलेल्या गुलमोहराला खुंटावर झाडूसारखे फुटवे येतात. ते वरवर चिकटलेले असतात, आतल्या लाकडात रुजलेले नसतात. दोन वर्षांनी तेच मनगटाएवढे होतात आणि त्यांनाच धरून आम्ही वर जातो. रेन ट्रीचं तर विचारूच नका. मिलीबग किडीने आतून वाळलेली फांदी खालून धडधाकट दिसते, पाय ठेवल्यावर कळतं.

अर्धा वकील

पैशाचा विषय निघाला म्हणून. 1923च्या नुकसानभरपाई कायद्याच्या (2025मध्ये त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली) दुसऱ्या अनुसूचीत ताडी काढणं आणि झाडं तोडणं ही कामं नावानिशी लिहिली होती. म्हणजे यात माणसं मरतात हे शंभर वर्षांपूर्वीच्या कायद्यालाही ठाऊक होतं. त्याच्या कलम 12 प्रमाणे काम ठेकेदारामार्फत करवून घेतलं तरी मुख्य मालक सुटत नव्हता. कमिटीला हे वाचून दाखवा, पाचाचे तीन होतील.

वाडीवाला

@अर्धा वकील, कलम पुरतं वाचा. काम त्या मालकाच्या "व्यापार किंवा धंद्याचा" भाग असावं लागतं. सोसायटीचा धंदा झाडं छाटणं नाही. यावर दोन वकील दहा वर्षं जेवतील आणि मामांची बायको तारखा मोजेल.

अर्धा वकील

म्हणूनच आयडीत "अर्धा" आहे. पण तारखा मोजायची वेळ कमिटीवरही येते एवढं तरी सांगा त्यांना.

नाव नको

माझे वडील माडावरून पडले. कमरेखाली काही नाही. आता आठ वर्षं खाटेवर आहेत. म्हणून मी पट्ट्याच्या बाजूने बोलणार असं वाटेल. सचिवांच्या ठरावाला माझा विरोध आहे.

कंपनीच्या 46 हजारांत वर कोण चढतं ते बघा. आमच्या काकांना एका सोसायटीने असाच नियम दाखवून बंद केलं. पुढच्या वर्षी तेच काका त्याच आवारात, त्याच झाडावर होते. डोक्यावर कंपनीचं हेल्मेट आणि रोज 900 रुपये. आधी ठेका त्यांचा होता, आता फक्त जीव त्यांचा आहे. पट्टा मिळाला, पण चार पट्ट्यांत मिळून दोर एकच होता.

वडिलांच्या वेळी धावपळ करताना कळलं की केरळात नारळ विकास मंडळाने 2011पासून पोरापोरींना यंत्राने माडावर चढायला शिकवलं आणि सोबत अपघात विमाही दिला. आधी शिकवलं, हातात साधन दिलं. "नसेल तर येऊ नका" असं म्हटलं नाही. वडील पडले तेव्हा ज्यांच्या वाडीत पडले ते दवाखान्यात शहाळी घेऊन आले होते. दोन शहाळी. ती वडिलांनीच आदल्या दिवशी उतरवलेली.

वाडीवाला

यावर काय बोलायचं. वडिलांना नमस्कार सांगा.

त्या यंत्राबद्दल एवढंच, आमच्याकडे एकाने आणलंय. सरळसोट माडाला बरं आहे, समुद्राकडे कललेल्या माडाला कुरकुरतं, आणि रेन ट्रीला त्याचा शून्य उपयोग. केंटवाल्यांचं गड्ड्याचं मात्र खरं आहे. आमच्या शेजारच्या वाडीत फणसाचा गड्डा असाच बसला. माणूस नव्हता, कुत्रा होता. पोफळीबद्दल माझं म्हणणं बदललेलं नाही.

दोरखंड

पोफळीबद्दल माझं ज्ञान नाही, तिथे गप्प बसतो. नाव नको, तुमचा मुद्दा मला बोचला. इथेही कागद कंपनीचे पक्के असतात आणि घाई चढणाऱ्याच्या माथी. फक्त इथे मी "आज वारा आहे, चढत नाही" म्हणालो तर उद्या काम जात नाही. मामांना असं म्हणता येतं का?

ठाण्याचा सचिव

नाही येत. मागच्या वर्षी वारा होता आणि कमिटीतलेच एकजण खालून "आजच उरका" ओरडत होते.

काल मामांकडे जाऊन आलो. पट्टा, दोर सोसायटी घेणार, मुंडण नाही, काम एका दिवसाऐवजी दोन दिवस, ज्या दिवशी ते नको म्हणतील त्या दिवशी नको. एक माणूस शिकलेला हवा म्हणून कटरभाऊंच्या ओळखीचा, दोरावर काम केलेला एक मुलगा दोन्ही दिवस येईल. हिशोब 31 हजारांवर जातोय. मामा म्हणाले, "पट्टा घालीन, पण आधी तुम्ही घालून त्या पहिल्या फांदीपर्यंत चढून दाखवा." कमिटी तीन-तीनवर अडकली आहे, पहिल्या फांदीचा विषय अजून मांडलेला नाही.

एक राहिलं. वॉचमन नाडा धरायला तयार नाही. मग कोण धरणार?

कटर_पुणे

धरायचाच नसतो. बुंध्याला दोन-तीन वेढे घ्या, वजन बुंधा घेतो, हातात नुसतं टोक, हळूहळू सोडायचं. तेही त्या पोरालाच करू द्या. वॉचमनला गेटवर उभा करा, झाडाखालच्या गाड्या काढायला. ते काम त्याचंच आहे ना?