मदत हवी आहे: बाबागाडी आणि सरकता जिना

नमस्कार मंडळी. आम्ही कुडाळचे. पुढच्या आठवड्यात दीड वर्षाच्या लेकीला घेऊन कोकणकन्येने ठाण्याला जायचंय. मी, सासूबाई, बाबागाडी, दोन पिशव्या आणि आंब्याची पेटी (रिकाम्या हाताने जायची आमच्यात पद्धतच नाही).

मागच्या खेपेला एका स्टेशनवर, नाव नको, लिफ्ट बंद होती. म्हणून गाडीसकट सरकत्या जिन्यावर चढले, लेक गाडीतच बसलेली. वर पोचल्यावर पायऱ्या सपाट होऊन दातेरी पट्टीखाली जातात ना, नेमकं तिथेच पुढचं छोटं चाक अडकलं. मी ढकलतेय, मागून माणसं अंगावर येतायत, जिना काही थांबत नाही. एका काकांनी खालचं लाल बटण दाबलं म्हणून निभावलं. असं बटण असतं हेच मला तेव्हा कळलं!

सासूबाईंचं म्हणणं सरळ आहे, "चेडवाक कडेर घे गो, नि गाडी घडी कर." पटतंय. पण एका हातात लेक, दुसरा हात कठड्याच्या पट्ट्यावर, मग गाडी धरणार कोण? त्यांचे गुडघे दुखतात, त्यांच्यावर टाकवत नाही.

ठाण्याला पहाटे उतरल्यावर लिफ्ट फलाटाच्या कुठल्या टोकाला पडते? त्या वेळी हमाल मिळतो का? लिफ्ट चालू आहे की नाही, हे 139 वर आधी विचारता येतं का? आणि लेकीला कापडी झोळीत अंगाशी बांधून कोणी प्रवास केलाय का? दीड वर्षाचं मूल त्यात शांत राहतं का?