घोड्यांचा फ्लू: किट फेकायचं की स्वॅब नीट घ्यायचा?

खुरटाप: पुण्यात पावसाळी रेसचा हंगाम, तबेले भरलेले, एक घोडा खोकला की सगळे झटपट तपासणीचं किट शोधतात. किट माणसांच्या इन्फ्लुएंझा 'ए'चं. ते ज्याला पकडतं ते एनपी, म्हणजे विषाणूच्या आतलं प्रथिन, सगळ्या 'ए' विषाणूंत जवळपास सारखं, म्हणून घोड्यांच्या फ्लूच्या एच३एन८लाही चालतं. पण लस टोचलेला घोडा विषाणू कमी आणि थोडेच दिवस सोडतो, तिथे रेघच उमटत नाही. किट बंद करा, थेट आरटी-पीसीआर.

दोन_वीत: चुकीच्या नमुन्याला पीसीआर तरी काय करणार? नाकपुडीच्या तोंडाशी काडी फिरवली की झालं, असं चालतं सगळीकडे. लांब स्वॅब नाकाच्या तळाने, मधल्या पडद्यालगत, थेट घशामागे जायला हवा. बोंडूक पॉलिएस्टरचं. कॅल्शियम अल्जिनेट पीसीआर अडवतं. स्वॅब बुडवून पाठवायचं द्रव माध्यम २ मिली पुरे, १० मिलीत बुडवलंत तर पाचपट पातळ. ताप ३८.५ अंशांवर गेला त्याच दिवशी घ्या, चौथ्या दिवशी पिवळा शेंबूड आल्यावर नको. हिसारच्या अश्व संशोधन केंद्राला पाठवताना बर्फ, ४ अंश. घरच्या फ्रीजरमध्ये, उणे २०ला, मुळीच नाही.

सायकल३५: @दोन_वीत सहमत, पण प्रयोगशाळेतही गळती आहे. २०० मायक्रोलिटर नमुन्यातून आरएनए ५०मध्ये उतरवलं तर चौपट घट्ट, म्हणजे विषाणू दोन सायकल (पीसीआरमधली दुपटीची फेरी) आधी दिसतो. उलट पाच स्वॅब एकत्र केले की सुमारे २.३ सायकल उशीर, काठावरचा घोडा गेला! प्रायमर (जनुक शोधणारे छोटे तुकडे) मॅट्रिक्स जनुकावरचे घ्या, एचए (विषाणूच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनाचं जनुक) फार बदलतं. तपासणी नीट चालली का ते दाखवणारं अंतर्गत नियंत्रणच उमटलं नाही तर 'निगेटिव्ह' लिहू नका. शेंबूड किंवा रक्त आडवं आलंय, आरएनए दहापट पातळ करून पुन्हा लावा.

लगाम_ढिला: संवेदनशीलतेचा हा सोस कशाला? सीटी (कितव्या सायकलला विषाणू दिसला तो आकडा, जास्त म्हणजे विषाणू कमी) ३७ म्हणजे बरेचदा मेलेल्या विषाणूचे तुकडे. त्यावर अख्खा तबेला बंद करणार? किट पंधरा मिनिटांत सांगतं. रेघ आली की घोडा लगेच वेगळा, पीसीआरची वाट बघेपर्यंत शेजारचे चार खोकतात.

खुरटाप: बरं, 'बंद' मागे घेतो. रेघ आली तर विश्वास, नाही आली तर पीसीआर. पण सीटी ३७ला तुकडे ठरवून सोडू नका, संसर्गाची सुरुवातही तशीच दिसते. घोडा बाजूला ठेवून २४ तासांनी पुन्हा स्वॅब घ्या. ३७चा २८ झाला तर संसर्ग चढतोय.

सायकल३५: आणि रक्त आजच काढून ठेवा. दोन आठवड्यांनी दुसरं काढलं की एचआय टायटर (रक्तातल्या प्रतिपिंडांचं प्रमाण) चौपट वाढलं का ते कळेल. पहिलंच नसेल तर तुलना कशाशी?