मदत हवी आहे: व्हिक्टोरियन टेराकोटाच्या चेहऱ्यामागचं सिमेंट कसं काढू?

नमस्कार मंडळी. मी बर्मिंगहॅमला राहते. इथे जुन्या इमारतींचं सामान विकणाऱ्या एका वखारीतून लाल टेराकोटाचा, म्हणजे भाजलेल्या मातीचा, चेहरा घेतलाय. कमानीच्या मधोमध बसवत तसला, बाईचा, केसांत द्राक्षांचे घोस. इथल्या व्हिक्टोरिया लॉ कोर्ट्स या १८९१ च्या न्यायालयाच्या इमारतीवरचं नक्षीकाम पाहिल्यापासून असं काही घरात असावं असं फार वाटत होतं.

असे ठोकळे मागून पोकळच घडवत, म्हणजे माती नीट भाजली जाते. याच्या पोकळीत मात्र सिमेंट ठासलंय आणि त्यात लोखंडी पट्टी अडकलीय. ती गंजून फुगली की चेहरा तडकेल. छिन्नी चालवायचा धीर होत नाही.

शिवाय हनुवटीजवळ भट्टीत तयार होणारी वरची कडक कातडी उडालीय. तिथे पांढरा क्षार फुलतो, पुसला तरी पुन्हा येतो.

कोणी असं सिमेंट सोडवलंय का? कशाने? क्षार ओढून घ्यायला ओल्या कागदी लगद्याचा लेप पुरेल का? ॲसिड आणि सँडब्लास्टिंग (जोराने वाळू मारून घासणं) नकोच. उरलेली कातडीही जाईल. बागेत ठेवायची हौस आहे, पण ओल आत शिरून गोठली तर? इंग्लंडमधल्या कोणी उघड्यावर ठेवलं असेल तर कृपया अनुभव सांगा.