क्लायटेमनेस्ट्राच्या एकांकिकेत कॅसान्ड्राचं काय करू?

तिसरी घंटा (नागपूर):
स्पर्धेसाठी एकांकिका बसवतेय. ट्रॉयच्या युद्धाहून दहा वर्षांनी परतलेल्या नवऱ्याला, राजा अगामेम्नॉनला, न्हाणीघरात मारणारी ग्रीक राणी, एवढीच क्लायटेमनेस्ट्राची ओळख. लेकीचं लग्न ग्रीक वीर अ‍ॅकिलीसशी ठरलंय असा निरोप आला, म्हणून ती इफिजेनियाला घेऊन ऑलिसच्या बंदरावर गेली, आणि तिथं कळलं की ट्रॉयला निघालेल्या जहाजांसाठी वारा सुटावा म्हणून बापच पोरीचा बळी देणार. माझा पहिला प्रवेश म्हणजे रुखवत मांडणारी आई. तो मस्त बसलाय. घोडं अडलंय शेवटी. ती कॅसान्ड्रालाही मारते. आमचे लोक म्हणतात, ती तिथंच प्रेक्षकांच्या मनातून उतरेल. काढून टाकू?

जुना प्रॉम्प्टर:
काढ. पाऊण तासात दोन खून झेपत नाहीत.

पडद्यामागची:
काऊन काढतेस बाप्पा? कॅसान्ड्रा म्हणजे राजानं ट्रॉयच्या लुटीत आणलेली राजकन्या. अपोलो देवाला नकार दिला म्हणून शाप: खरं तेच बोलशील, पण कोणाला पटणार नाही. ग्रीक नाटककार एस्किलसनं (इ.स.पू. 458) तिला दाराशी उभं केलंय. राणी बोलावते तर ही गप्प. राणी आत गेल्यावर मात्र आत काय घडणार ते सगळं ओकते, आणि कोरसच्या म्हाताऱ्यांना ढिम्म कळत नाही. हा प्रवेश गाळलास की उरते फक्त राणीची बाजू.

आणि आईला सोज्वळ करू नको. दुसरा ग्रीक नाटककार युरिपिडीस, त्याच्या ऑलिसवरच्या नाटकात ती नवऱ्याला तोंडावर सुनावते: माझा पहिला नवरा तू मारलास, छातीचं लेकरू ओढून आपटलंस, मग माझ्याशी लग्न केलंस. इतकं गिळून तिनं संसार केला नं! हे रुखवताच्या आधी आलं पाहिजे. रुखवत ठीक आहे, पण वर मंगलाष्टकं घातलीस तर मी उठून जाईन.

खून दाखवू नकोस. ग्रीकही दाखवत नसत. आतून किंकाळी, मग चाकांच्या फळीवर प्रेतं बाहेर. फळी सुतार करून देईल. राजा परततो तेव्हा राणी त्याच्या पायाखाली अंथरायला लावते ते जांभळट लाल कापड इतवारीत ठोकात घे, आणि ते महागाचंच दिसू दे. त्यावर पाय ठेवायला तो कचरतो ते त्यामुळंच.

तिसरी घंटा:
ताई, पहिला नवरा आजच लिहायला घेते. कॅसान्ड्रा राहतेय. फक्त त्या भूमिकेला मुलगी मिळेना. सगळ्या आधी विचारतात, वाक्यं किती? सुरुवातीला ती गप्प उभी असते म्हटलं की फोन ठेवतात.