पद्मिनीने पुणे–मंगळुरू–पुणे: सोबत कोणते पाने, कोणते स्पेअर?

कोथरूडची_पद्मिनी:
गाडी १९८६ ची प्रीमियर पद्मिनी, पॉईंटवाला डेल्को (प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर), ओरिजिनल एसी पंप (इंजिनवर चालणारा पेट्रोलचा पंप). जाताना कोल्हापूर, निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी, पणजी, कारवार, मंगळुरू. येताना शिराडी घाट चढून हासन, चित्रदुर्ग, हुबळी. एकूण साधारण १,८०० किमी. माणसं चार, त्यामुळे डिकीत जागा कमी. प्लग आणि फॅनबेल्ट मला बदलता येतात, पॉईंट कुणी नीट सांगितलं तर जमेल. नेमकं काय घ्यावं आणि काय घरी ठेवलं तरी चालेल?

डेल्कोवाला:
प्रत्येक वस्तूला तीन प्रश्न विचारा. ती गेली तर गाडी जागेवर थांबते का? रस्त्याच्या कडेला बदलता येते का? आजरा किंवा शिराडी घाटावरच्या सकलेशपूरला मिळेल का? पहिल्या दोन्हींचं उत्तर ‘हो’ आणि तिसऱ्याचं ‘नाही’, तर ती वस्तू घ्यायची. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या, त्यामुळे हे पार्ट सगळीकडे मिळतील असं धरून चालू नका.

यादीत पहिला नंबर इग्निशनचा. पॉईंटचा एक सेट, दोन कंडेन्सर, रोटर, डेल्कोची टोपी, चार प्लग, एक कॉईल. सगळं मिळून एका डब्यात मावतं. पण नवीन माल पाकिटातच ठेवून निघू नका. हल्ली मिळणारे कंडेन्सर आणि रोटर कधीकधी पहिल्या तासाभरात जातात. निघण्याच्या दोन आठवडे आधी नवीन माल गाडीत बसवा, दोनशे-तीनशे किमी चालवा, आणि उतरवलेला जुना, चालू माल स्पेअर म्हणून सोबत घ्या. म्हणजे गाडीतला आणि डब्यातला, दोन्ही तपासलेले.

कंडेन्सर गेला हे असं ओळखायचं: गाडी गरम झाली की मिसिंग, टोपी काढून पाहिलं तर पॉईंटच्या तोंडावर जाडसर निळी ठिणगी, आणि प्लगला मात्र मरतुकडी पिवळी. पॉईंटच्या एका तोंडावर खड्डा आणि समोरच्यावर तेवढाच उंचवटा दिसला, तरी आधी कंडेन्सरवरच संशय घ्या.

पॉईंट सेट करताना गाडी सपाट जागी, इग्निशन बंद, चौथ्या गिअरमध्ये. एकाने गाडी हळूहळू ढकलायची, दुसऱ्याने डेल्कोत बघायचं. कॅमच्या टोकावर पॉईंट पूर्ण उघडले की थांबा आणि फिलर गेज (फट मोजायची पातळ पानं) घाला. ल्युकास-टीव्हीएसचा डेल्को असेल तर ०.३५ ते ०.४० मिमी. पान किंचित अडकत सरकलं पाहिजे. स्क्रू आवळल्यावर पुन्हा मोजा, आवळताना गॅप हमखास बदलतो. गॅप वाढला की टायमिंग ॲडव्हान्स होतं (ठिणगी लवकर पडते), कमी झाला की रिटार्ड (उशिरा), म्हणून ‘अंदाजे’ चालणार नाही. पॉलिश पेपर मारला तर तोंड स्वच्छ कापडाने पुसा, त्यात अडकलेली बारीक भुकटी पुन्हा पॉईंट जाळते. टोपीवर प्लग वायरींचे नंबर आत्ताच रंगाने लिहून ठेवा, फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२.

आणखी एक: २.५ चौरस मिमीची तीन मीटर वायर, दोन्ही टोकांना क्रोकोडाइल क्लिप. इग्निशन स्विचने दगा दिला तर बॅटरीच्या प्लसवरून थेट कॉईलच्या प्लसला लावा, गाडी चालू होते. बंद करायची तर वायर काढायची. थांबल्यावर ती तशीच राहिली तर कॉईल जळेल.

पाने मेट्रिकच: ८ ते १९ मिमीचे डबल आणि रिंग पाने, प्लग पाना, पक्कड, नोज प्लायर, दोन स्क्रू ड्रायव्हर, फिलर गेज, टेस्ट लॅम्प. ॲम्बेसेडरवाल्याकडून इंची पाने उसने आणू नका, नटाची तोंडं गोल होतील.

पेट्रोलची_नळी:
वरचं सगळं बरोबर, पण आता पेट्रोलकडे जास्त लक्ष द्यायला हवं. पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, आणि पद्मिनीचे रबरी पार्ट त्या पेट्रोलसाठी बनलेले नाहीत. इथेनॉल जुनी रबरी नळी आतून फुगवतं, एसी पंपाचा डायफ्रॅम (आतला रबरी पडदा) कडक करतं, आणि टाकीत वर्षानुवर्षं बसलेला गाळ सोडवून फिल्टरमध्ये आणून टाकतं. नळी बोटांत वाकवून बघा. बाहेरून बारीक भेगा दिसल्या, किंवा कापलेल्या टोकाला आतला थर सुटून आला, तर ती निघण्यापूर्वीच बदला. इथेनॉल चालणारीच नळी मागा, दुकानदार साधी पाण्याची नळी देत असेल तर घेऊ नका.

सोबत: त्याच नळीचा एक मीटर, चार क्लिप, दोन इनलाईन फिल्टर, एसी पंपाचा डायफ्रॅम किट (जमलं तर अख्खा तपासलेला पंप, रस्त्यावर डायफ्रॅम बसवण्यापेक्षा पंप बदलणं सोपं), कार्ब्युरेटरचा नीडल व्हॉल्व्ह आणि गॅस्केट.

शिराडी घाट तुम्ही भर गाडीने चढणार. तिथे इंजिन मलूल होऊन बंद पडलं तर लगेच पार्ट उघडू नका. टाकीचं झाकण काढा. ‘फुस्स’ आवाज आला तर झाकणाचं भोक बुजलं आहे, एवढंच. नसेल तर पेट्रोल उष्णतेने नळीत वाफ झालं असण्याची शक्यता मोठी. बॉनेट उघडून वीस-पंचवीस मिनिटं थांबा, एसी पंपावर ओलं फडकं ठेवा. थंड झाल्यावरही चालू होत नसेल, तर कार्ब्युरेटरकडची नळी काढून काचेच्या बाटलीत धरा, कॉईलची मधली वायर काढून स्टार्टर मारा. पेट्रोल ठोके देत आलं तर पंप ठीक, मग कार्ब्युरेटर बघा. नाही आलं तर आधी फिल्टर, मग पंप. हे इंजिन पूर्ण गार असतानाच करा, आणि अग्निशामक सिलिंडर हाताशी ठेवा, डिकीच्या तळाशी नको.

घाटातला_ब्रेक:
आंबोली उतरताना दुसरा गिअर, ब्रेक थोडा दाबून पूर्ण सोडायचा, पाय ठेवून बसायचं नाही. चारही ड्रम आहेत. ड्रम तापून फुगला की लायनरपासून लांब जातो आणि पेडल खाली जायला लागतं. ब्रेक ऑईल जुनं असेल तर त्यातलं पाणी उकळतं, मग पेडल पार स्पंजी होतं. म्हणून निघण्यापूर्वी सगळं ऑईल बदलून एअर काढा आणि अर्धा लिटरची सीलबंद बाटली सोबत घ्या, उघडलेली नको, ती हवेतलं पाणी ओढते. व्हील सिलिंडरचे रबर पुढचे-मागचे माप बघून घ्या. मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा असेल तर एक रबर गेला की चारही चाकांचा ब्रेक जातो.

कूलिंगसाठी फॅनबेल्ट एक, रेडिएटरचे वरचा-खालचा होज पाईप, क्लिप, पाच लिटर पाणी. या गाडीत फॅन, वॉटर बॉडी (पाण्याचा पंप) आणि चार्जिंग एकाच बेल्टवर. चार्जिंगचा दिवा लागला आणि तापमानाचा काटा चढायला लागला तर ‘पुढच्या गावापर्यंत’ म्हणू नका, तिथेच बाजूला घ्या. वॉटर बॉडीच्या खालच्या भोकातून आत्ताच थेंब पडत असेल तर ती निघण्यापूर्वी बदला. ते काम रस्त्यावरचं नाही.

कोथरूडची_पद्मिनी:
खूप उपयोगी. दोन शंका. इलेक्ट्रॉनिक इग्निशन किट बसवून पॉईंटची कटकटच संपवावी का? आणि क्लच प्लेट, हेड गॅस्केट न्यावं का?

डेल्कोवाला:
किट चांगलं, पण मॉड्यूल गेलं तर रस्त्यावर दुरुस्ती नाही. बसवलंत तर पॉईंट आणि कंडेन्सर लावलेली जुनी प्लेट सोबत असू द्या, पुन्हा बसवता येते. मात्र निघण्याच्या आठवड्यात बसवू नका.

क्लच प्लेट, हेड गॅस्केट घरी ठेवा. दोन्ही कामं गॅरेजचीच. त्याऐवजी नाना पेठेतल्या तुमच्या स्पेअरवाल्याचा नंबर कागदावर लिहून घ्या, रात्रीच्या लग्झरी बसने पार्सल हुबळी-कोल्हापूरपर्यंत सकाळी पोचतं. क्लच मात्र आत्ताच तपासा. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनचा आवाज वाढतोय पण वेग नाही, असं होत असेल तर आधी प्लेट टाका, मग निघा.

घाटातला_ब्रेक:
सामान भरण्याबद्दल. जॅक, टॉमी आणि स्टेपनी बॅगांखाली गेली तर भर पावसात चारही बॅगा रस्त्यावर येतील. पाने कॅनव्हासच्या गुंडाळीत घालून मागच्या सीटखाली ठेवा, इग्निशनचा डबा पुढच्या सीटखाली. गाडीबरोबरचा जॅक गंजलेल्या सिलला (दाराखालच्या पत्र्याला) लावू नका, पत्रा आत जातो. छोटा बॉटल जॅक घ्या: मागे एक्सलखाली पाट्याजवळ (लीफ स्प्रिंगजवळ), पुढे क्रॉसमेंबरखाली (आडव्या बीमखाली). जॅकखाली ९ इंच चौरस, १ इंच जाड लाकडी फळी हवीच, कोकणातली ओली साईडपट्टी जॅक गिळते. चाकामागे दोन ठोकळे. ओढायचा दोर बंपरला बांधू नका. स्टेपनीची हवा निघण्याच्या आदल्या दिवशी बघा आणि ट्यूबवाले टायर असतील तर त्याच मापाची एक ट्यूब ठेवा.